खोपीची फाईल

माझ्या अंगणात सध्या एक लाकडी खोपी उभी आहे. तिला पुढे शिडी, एका बाजूला दोरीचं जाळं, दुसऱ्या बाजूला चढायला खुंट्या आणि मागे घसरगुंडी. मुलगा तिला प्लेहाऊस म्हणतो. सूनबाई इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणते. मी खोपी म्हणते, कारण आमच्याकडे आंब्याच्या बागेत राखणीला बसायला जे उभं करतात त्याला खोपी म्हणतात आणि ही तशीच दिसते. फक्त हिच्या खिडकीला पडदा आहे. राखणीला मी आहेच.

ही खोपी निवडायला आम्हाला आख्खा पावसाळा लागला, वर दिवाळीपर्यंतचे दिवसही गेले. उशीर माझ्यामुळे झाला आणि मी तो मुद्दाम केला. गंमत अशी की नोकरीत असताना उशीर करणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग यायचा. पण तिच्याबद्दल, म्हणजे नोकरीत होते तेव्हाच्या त्या माझ्याबद्दल, पुढे सांगते. तिला घाई असली तरी मला नाही.

गेल्या मे महिन्यात मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं बंगळुरूहून आली होती. नात चौथीत, नातू बालवाडीत. आधी समुद्र झाला, मग आंबे झाले, आणि मग दोघं ओटीवरच्या लादीवर मोबाईल घेऊन पालथी पडली ती पडलीच. नातू मला म्हणाला, "आजी, तुझ्याकडे काहीच नाहीये."

"फणस आहे," मी म्हटलं.

त्यानं मान वर करून फणसाकडे पाहिलं. फणसानंही त्याच्याकडे पाहिलं असेल. मग त्यानं पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

ठरल्यापेक्षा लवकरच ती निघाली. गाडीत सामान भरताना मुलगा म्हणाला, "पुढच्या वेळी मुलांसाठी इथे काहीतरी करायला हवं, आई. म्हणजे राहतील." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी आत येऊन ओटीवरच्या चटया गुंडाळल्या. आमच्या शेजारचं घर मुंबईकरांचं, ते गणपतीला उघडतं नि गणपती गेले की बंद. पलीकडे बाग. हे, म्हणजे माझे यजमान, वारल्यापासून घरात जो काही आवाज होतो तो मीच करते, आणि एकटं माणूस काही फार आवाज करत नाही.

मुलाचा फोन रविवारी येतो. तो वाईट नाही, कामात असतो. "जेवलीस? गोळी घेतलीस? पाऊस काय म्हणतोय? बरं, ठेवतो." एकदा मी गॅसवर दूध ठेवून त्याचा फोन घेतला होता. फोन संपला तरी दूध कोमटच होतं.

पाऊस चांगला लागून राहिला होता तेव्हा एका आडवारी, रविवार नसताना, फोन वाजला. आमच्या पिढीत आडवारी फोन म्हणजे कोणीतरी गेलं, हे ठरलेलं. मी कोण कोण आजारी आहे ते आठवतच फोन घेतला, तर पडद्यावर चौघंही दाटीवाटीनं बसलेली. मुलानं नेटवर मुलांच्या खेळाचं लाकडी घर शोधलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून निवडायचं होतं.

"आई, हे बघ. पाठवलंय तुला. कसं वाटतं?"

मी चष्मा लावून बघितलं. छान होतं, पण छप्पर पाटासारखं सपाट.

"अरे, ह्याच्यावर पाणी साठेल. आपल्याकडचा पाऊस काय बंगळुरूचा आहे? उतरतं छप्पर हवं."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "थांब, उद्या दुसरं बघून फोन करतो."

उद्या, म्हणाला. रविवारी असं नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उतरत्या छपराचं घर आलं. त्याचे पाय नरम लाकडाचे आणि थेट जमिनीत पुरायचे. मी म्हटलं, वाळवीला पंगतीचं आमंत्रण कशाला देता? तोही म्हणाला, खरंय, उद्या बघतो. त्याच्या पुढच्याला खिळे नि नटबोल्ट साध्या लोखंडाचे होते. समुद्राच्या वाऱ्यानं आमच्या फाटकाची कडी गंजून गळून पडते, तिथे त्यांचं काय होणार? उद्या बघू. पुढच्याला दोरी काथ्याची, पावसात कुजणारी. उद्या.

इथपर्यंत मी अगदी प्रामाणिक होते.

मग एका संध्याकाळी असं घर आलं की त्यात मला काही खोट सापडेना. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. छप्पर उतरतं, पाय जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर उचललेले, नट न गंजणारे, दोरी नायलॉनची, खिडकी पोराचं डोकं अडकणार नाही इतकी मोठी.

"आवडलं ना? मग टाकतो ऑर्डर," मुलगा म्हणाला.

आणि माझ्या तोंडून निघालं, "घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला येतंय. मे महिन्यात तापेल. पोरांना चटका बसेल."

"अगं, ती कुठल्याही बाजूला फिरवता येते."

"मग फिरवल्यावर कशी दिसते ते दाखव की. उद्या."

फोन ठेवला आणि मला एकदम भाऊसाहेब आठवले.

मी एका सरकारी कचेरीत कारकून होते. तेव्हाची मी म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर घड्याळ उलट्या बाजूला, आणि टेबल असं स्वच्छ की माशी बसली तर घसरावी. आलेल्या कागदाची निर्गती त्याच दिवशी, हे माझं ब्रीद. निर्गती म्हणजे प्रकरण निकाली काढणं. हा शब्द मी इतक्या अभिमानानं उच्चारायची की घरी भाजी चिरून झाली तरी भाजीची निर्गती झाली म्हणायची. ह्यांनी ते कसं सोसलं कोण जाणे.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर कारकून होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या टेबलावरची फाईल कधी संपत नसे. गावाकडून माणूस यायचा, कागद पुढे करायचा. भाऊसाहेब कागद वाचायचे, माणसाला बाकावर बसवायचे, चहा मागवायचे. तुमच्याकडे पेरणी झाली का, मुलगी कुठे दिली, म्हातारी कशी आहे, असं सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणायचे, "एक त्रुटी आहे बघा ह्यात. ती दुरुस्त करून परत आणा." माणूस परत यायचा. पुन्हा चहा, पुन्हा म्हातारी, पुन्हा एक त्रुटी.

मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्याकडे माणसं कामाला येतात की मुक्कामाला?" सगळी कचेरी हसली. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर इतकी खूश होते की रस्त्यात एकटीच हसत होते.

भाऊसाहेब म्हणाले होते, "बाई, काम झालं की माणूस परत येतो होय?"

ते निवृत्त झाल्यावर एकदा स्वतःच्याच पेन्शनचा कागद घेऊन कचेरीत आले. धोतर धुतलेलं, दाढी केलेली, पिशवीत माझ्यासाठी दोन शहाळी. माझ्या टेबलासमोर बाकावर ऐसपैस बसले. आणि मी काय करावं? कागद घेतला, तपासला, शिक्का मारला, सही आणली आणि चहा यायच्या आत त्यांच्या हातात दिला. जगातली सर्वात कार्यक्षम कारकून.

"झालं?" ते म्हणाले. "इतक्यात?"

मला ती शाबासकी वाटली. बावळट बाई. त्या रात्री जेवताना मी ती गोष्ट ह्यांना दोनदा सांगितली.

तर आता मी भाऊसाहेबांची गादी चालवायला घेतली. ती काही सोपी नाही. उगाच नाही म्हणून चालत नाही, त्रुटी पटण्यासारखी हवी आणि दुरुस्त होण्यासारखीही हवी. सकाळी पालेभाजी निवडता निवडता मी संध्याकाळची त्रुटी निवडायची. नेट पुरायला हवं म्हणून दुपारची मालिका बघणं सोडलं. दिवेलागणीच्या आधी स्वयंपाक उरकून साडी बदलायची, केस सारखे करायचे, औषधाच्या बाटल्या पडद्यात दिसू नयेत म्हणून खुर्ची सरकवायची. रेशनच्या दुकानातली बाई म्हणाली, "हल्ली बऱ्या दिसताय हो तुम्ही." मी म्हटलं, "घर बांधतेय ना."

घर ठेवायचं कुठे, ही त्रुटी मला बरेच दिवस पुरली. त्यासाठी स्थळपाहणी लागते, तीही पावसात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन. फोनमधून नात हुकूम सोडायची.

"आजी, डावीकडे जा. अजून. आजी, नुसता तुझा अंगठा दिसतोय."

"माझाच आहे गो तो. ओळख पटली ना?"

माडाखाली ठेवली तर नारळ पडेल. फणसाच्या अगदी बुंध्याशी ठेवली तर फणस पडेल, आणि फणस छप्पर घेऊनच खाली येईल. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून ठेवली तर दगडांच्या सांदीतून जनावर येईल. "जनावर म्हणजे वाघ?" नातवानं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे सापाला जनावर म्हणतात, नाव घेतलं की तो आपल्याला कोणी बोलावलं म्हणून बघायला येतो. त्या संध्याकाळी नातू फोनजवळून उठेचना. खोपी म्हणजे काय, तिच्यात कोण बसतं, माकडं हाकलायला पत्र्याचा डबा कसा बडवतात, हे सगळं मला नाटक करून दाखवावं लागलं. मी स्वयंपाकघरातून खरंच डबा आणून बडवला. शेजारी कोणी असतं तर धावत आलं असतं.

मग पितृपक्ष आला. मी म्हटलं, पंधरवडाभर नवीन काही घेऊ नये.

"तू कधीपासून हे पाळायला लागलीस?" मुलगा म्हणाला. "आम्हाला तर तूच शिकवलंस, असलं काही नसतं म्हणून."

"शिकवलं तेव्हा तरुण होते. आता मी स्वतःच रांगेत आहे, जरा वळण ठेवलेलं बरं."

ऑर्डर थांबली, फोन थांबले नाहीत. नवरात्र आलं, तेव्हा म्हटलं, देवाला कौल लावते. आमच्या गावदेवीच्या देवळात गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी पाकळी तासन्‌तास पडत नाही, माणसं खांबाला टेकून बसतात. मी पाण्याची बाटली, पंचा नि खायला चिवडा घेऊन गेले. गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, अजून मुलांची नावं घेतली नव्हती तोच उजवी पाकळी टपकन पडली.

"कौल लगेच दिलान हो," गुरव म्हणाला.

देवीलासुद्धा निर्गतीची घाई. घरी येऊन मी मुलाला सांगितलं, "पाकळी मध्येच अडकली. परत जायला हवं." देवीनं ते ऐकलंच असणार. ती काही बोलली नाही. काम झालं की तिच्याकडे तरी कोण परत जातं?

त्यानंतर मी जरा वाहवले. खिडकीच्या पडद्याच्या रंगावर त्रुटी काढली. सूनबाईनं फोन स्वतःकडे घेतला. ती कधी आवाज चढवत नाही, म्हणून तिची जास्त भीती वाटते.

"आई, तुम्हाला हे अंगणात नको असेल तर तसं स्पष्ट सांगा. मला राग येणार नाही. पण आम्ही दोघंही दमून घरी येतो, आणि रोज हेच चाललंय. मुलांना मे महिन्यात दुसरीकडे कुठेतरी नेता येईल. त्यांचा शाळेचा कॅम्पही आहे."

भाऊसाहेबांनी मला हे शिकवलं नव्हतं. फार त्रुटी काढल्या तर माणूस अर्जच मागे घेतो.

"नाही गो," मी म्हटलं. "छानच आहे हे. हेच घ्या."

पडद्याचा रंग सोडून मी त्यात काही बघितलंही नव्हतं.

"नक्की?"

"मंजूर म्हणते ना."

मुलानं तिथल्या तिथे ऑर्डर टाकली. सून हसली, म्हणाली, बरं झालं बाई सुटलो. नात पडद्याच्या अगदी जवळ आली, तिचं नुसतं नाक नि डोळे दिसत होते.

"म्हणजे झालं?" ती म्हणाली. "इतक्यात?"

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्या काळ्या पडद्यात स्वतःचाच चेहरा बघत बसले. केस सारखे केलेले होते.

दिवाळी झाल्यावर टेम्पोतून खोके आले. दोन माणसांनी अंगणात खड्डे मारले, जांभ्याचा दगड लागला म्हणून कुरकुर केली, आणि जेवणवेळेच्या आत खोपी उभी केली. त्यांना मी बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं, गाव कुठलं विचारलं. त्यांना पावस गावात दुसरं काम होतं. चहा उभ्यानं पिऊन ते गेले. मी फोटो काढून पाठवला. उत्तरादाखल फोनवर एक अंगठा आला. ह्या खेपेला अंगठा त्यांचा होता.

त्यानंतर फोन पुन्हा रविवारचा झाला. जेवलीस, गोळी घेतलीस, थंडी आहे का, ठेवतो. दिवेलागणीला मी सवयीनं साडी बदलायची. मग बदललेल्या साडीनं काय करायचं ते कळायचं नाही, म्हणून अंगणात जाऊन खोपीभोवती एक फेरी मारायची. नव्या लाकडाला छान वास येतो. दोरीच्या जाळ्यात पाचोळा अडकायचा तो मी काढायची. घसरगुंडीवर सकाळी दव पडलेलं असायचं, आणि त्यावर कोणी घसरल्याची खूण नसायची. असणार कुठून?

एका संध्याकाळी म्हटलं, बघू तरी आत कसं वाटतं. शिडी चढले. ह्या वयात शिडी चढणं म्हणजे एकेका गुडघ्याची परवानगी काढत जाणं. दारातून वाकून, रांगून आत शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले. पडदा बाजूला केला. खिडकीतून माझं घर दिसत होतं. ते मी रोज आतून बघते, संध्याकाळी बाहेरून बघायची वेळच येत नाही. मी इथे असल्यामुळे दिवा लावायचा राहिला होता. शेजारच्या बंद घरात नि माझ्या घरात काही फरक दिसत नव्हता.

मी लगबगीनं उतरले. उतरताना आधारासाठी शिडी धरली तर एका पायरीचा नट बोटाला लागला. जरासा सैल होता. तेवढा तो खरंच सैल होता. उरलेलं मी केलं. ह्यांचा पाना अजून कपाटात आहे, तेल लावून ठेवलेला.

दिवा लावला, आणि मग मीच फोन केला. आडवारी.

"काय झालं?" मुलगा घाबरून म्हणाला.

"काही नाही रे. शिडीच्या एका पायरीचा नट पडलाय. पायरी हलतेय."

"मग त्या माणसांना फोन कर ना, नंबर आहे तुझ्याकडे."

"त्यांना कुठली पायरी ते कसं कळणार? आधी तुम्ही बघून ठरवा."

मुलगा उसासा टाकून काहीतरी बोलणार तोच नातीनं फोन हिसकावला. "मला दाखव." मी टॉर्च नि फोन घेऊन अंगणात गेले. तिनं पायरी बघितली, बोल्ट बघितला, पुन्हा जवळून बघितला. कारकुनाच्या घरची पोर.

"आजी, हे फिरवून काढल्यासारखं दिसतंय."

"वाऱ्यानं फिरलं असेल."

"आणि नट कुठाय?"

"तोच शोधायचाय गो. पडला असेल इथेच कुठेतरी."

पाठीमागे कुकरची शिट्टी झाली, नातू कशासाठी तरी रडत होता. मग तिनं फोन तोंडाजवळ नेला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "शोध. पण सगळं अंगण एका दिवशी शोधू नको हां. आज फक्त फणसाखालचं बघ. उद्या मला दाखव काय सापडलं ते."

"आणि उद्या नाही सापडला तर?"

"परवा माडाखाली."

मेच्या आत नट जागेवर बसायला हवा, पोरं चढणार आहेत त्या पायरीवर, तेवढी अक्कल मला आहे. पण मे अजून लांब आहे. मी तिला "बरं" म्हटलं, पदर खोचला आणि टॉर्च घेऊन फणसाखालचा पाचोळा पायानं बाजूला सारायला लागले. नट माझ्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत होता.